ओल्नीचे पाळक जॉन न्यूटन

इंग्लंडांतील बकिंगहॅमशायर परगण्यांत औस नदीच्या कांठीं ओल्नी नांवाचें लहानसें बाजाराचें गांव आहे. अठराव्या शतकांत तेथें सुमारें दोन हजार लोकांची वस्ती होती. त्यांतील पुष्कळांचें पोट लेस विणण्यावर चाले. स्त्रिया व मुलें पुढें उशी घेऊन, तींत टांचण्या टोंचून व दोरा गुंडाळलेल्या लहान काठ्या फिरवून दिवसभर हें नाजूक काम करीत. ती लेस श्रीमंतांच्या वस्त्रांस शोभा देई. विणणारांच्या घरीं मात्र पोटभर अन्नाची वाण असे. या दरिद्री गांवीं इ. स. १७६४ सालीं जे पाळक आले, त्यांचें चरित्र वाचकांनीं लक्षपूर्वक वाचावें.

जॉन न्यूटन याचा जन्म १७२५ सालीं लंडन येथें झाला. बाप जहाजाचा कप्तान होता. आई भाविक होती व तिनें मुलास लहानपणींच शास्त्रवचनें शिकविलीं. परंतु तो सात वर्षांचा होण्यापूर्वींच ती वारली. अकराव्या वर्षीं तो बापाबरोबर समुद्रावर गेला. १७४४ सालीं त्यास जबरीनें आरमारांत भरती करण्यांत आलें. तेथून तो पळाला, पकडला गेला व त्यास फटके बसले. पुढें तो गुलामांचा व्यापार करणाऱ्या एका जहाजावर गेला आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यावर एका गोऱ्या व्यापाऱ्याच्या पदरीं राहून त्यानें भूक, ताप व अपमान सोसला. १७४८ च्या मार्च महिन्यांत स्वदेशीं परत येत असतां भयंकर वादळ झालें, जहाज फुटून आंत पाणी शिरलें, आणि त्या संकटांत त्यानें देवाचा धांवा केला. तो दिवस त्यानें जन्मभर स्मरणांत ठेविला.

परंतु येथें एक गोष्ट झांकून ठेवणें योग्य नव्हे. त्या वादळानंतरही न्यूटन गुलामांच्या व्यापारांतच राहिला. १७५० पासून १७५४ पर्यंत स्वतः कप्तान होऊन त्यानें तीन सफरी केल्या. आफ्रिकेंतील स्त्रीपुरुष विकत घ्यावे, बेड्या घालून जहाजाच्या तळांत दाटीनें कोंबावे व वेस्ट इंडीज बेटांत नेऊन विकावे, असा हा धंदा होता. वाटेंत कित्येक मरत. वर कप्तान प्रभूच्या दिवशीं खलाशांची प्रार्थना चालवी, आणि खालीं सांखळदंडांत जखडलेलीं माणसें कण्हत असत. या दोहोंत विरोध आहे असें त्यास त्या वेळीं दिसलें नाहीं. १७५४ सालीं त्यानें समुद्र सोडला, तोही पश्चात्तापानें नव्हे, तर एकाएकीं आलेल्या आजारामुळें.

त्यानंतर लिव्हरपूल बंदरांत जकातीची नोकरी करीत असतां त्यानें ग्रीक व इब्री भाषांचा अभ्यास केला. विद्यापीठाची पदवी नसल्यामुळें त्यास पाळकाची दीक्षा मिळेना. शेवटीं लॉर्ड डार्टमथ यांच्या साहाय्यानें १७६४ सालीं दीक्षा मिळाली व ओल्नीची मंडळी त्याच्या हातीं आली.

ओल्नी येथें न्यूटनसाहेबांनीं जवळजवळ सोळा वर्षें सेवा केली. वार्षिक वेतन अवघें साठ पौंड होतें. परंतु जॉन थॉर्नटन नांवाचे धनिक व्यापारी गोरगरिबांसाठीं व पाहुण्यांसाठीं त्यांस दरसाल दोनशें पौंड देत. खलाशाचा जुना कोट घालून ते घरोघर जात, व लेस विणणाऱ्या बायांची विचारपूस करीत. मुलांसाठीं त्यांनीं वेगळा वर्ग चालविला. श्रोते इतके वाढले कीं मंदिरांत नवा सज्जा बांधावा लागला. दुसऱ्या पंथांच्या मंडळ्यांशींही त्यांनीं बंधुभाव राखिला.

१७६७ सालीं कवि विल्यम कूपर ओल्नीस राहावयास आले. त्यांस मनाचा जबर विकार होता, व देवानें आपणांस टाकिलें असें त्यांस वाटे. १७७३ सालीं ते फार आजारी झाले, तेव्हां न्यूटनसाहेबांनीं त्यांस एक वर्षाहून अधिक काळ आपल्या घरीं ठेवून घेतलें. प्रार्थनासभांत साध्या लोकांस गातां यावीं म्हणून या दोघां मित्रांनीं गीतें रचिलीं. १७७९ सालीं छापलेल्या त्या संग्रहांत ३४८ गीतें आहेत. आज जगभर गाइलें जाणारें अद्भुत कृपेचें गीत त्यांतीलच असून तें १७७३ च्या नववर्षदिनाच्या उपासनेसाठीं रचिलें होतें.

तथापि सगळेंच गोड झालें असें नाहीं. १७७७ च्या ऑक्टोबरांत गांवांत मोठी आग लागून अनेक घरें जळालीं. न्यूटनसाहेबांनीं पीडितांसाठीं पैसा जमविला. पुढच्याच महिन्यांत, पांच नोव्हेंबरच्या सणास होळ्या व खिडक्यांतील दिव्यांची आरास करूं नये, अशी त्यांनीं विनंती केली. तेव्हां रात्रीं दांडगाई करणारा जमाव त्यांच्या दारावर चालून आला, आणि म्होरक्यास गोड निरोप व एक शिलिंग पाठवून त्यांस सुटका करून घ्यावी लागली. तेरा वर्षांच्या सेवेनंतर हें पाहून त्यांस फार दुःख झालें. १७८० च्या आरंभीं ते लंडन येथील मंडळीकडे गेले.

तेथें १७८५ सालीं पार्लमेंटाचे तरुण सभासद विल्बरफोर्स त्यांस गुप्तपणें भेटले. राजकारण न सोडतां तेथेंच देवाची सेवा करावी, अशी त्यांनीं त्यांस सल्ला दिली. १७८८ सालीं, म्हणजे समुद्र सोडल्यानंतर चौतीस वर्षांनीं, न्यूटनसाहेबांनीं गुलामांच्या व्यापाराविरुद्ध पुस्तिका छापून आपला अपराध उघड कबूल केला, आणि पुढें सरकारी चौकशींत डोळ्यांनीं पाहिलेली हकीकत सांगितली. १८०७ च्या मार्चमध्यें तो व्यापार कायद्यानें बंद झाला. त्याच वर्षीं २१ डिसेंबर रोजीं ते निवर्तले. १८९३ सालीं त्यांचें शव लंडनहून आणून ओल्नीच्या मंदिराच्या आवारांत पुरण्यांत आलें.

ओल्नीशीं आपलाही संबंध आहे. तेथल्याच बॅप्टिस्ट मंडळीनें १७८६ सालीं विल्यम केरी या चांभारकाम करणाऱ्या तरुणास उपदेशक म्हणून पाठविलें. त्याच केरीसाहेबांनीं १८०५ सालीं मराठीचें व्याकरण छापलें, आणि १८११ सालीं श्रीरामपूर येथें मराठी नवा करार छापून निघाला.

वाचकहो, न्यूटनसाहेब एका रात्रींत देवाकडे वळले. परंतु आपल्या हातून शेजाऱ्यावर झालेला अन्याय ओळखून तो चारचौघांत बोलून दाखविण्यास त्यांस चाळीस वर्षें लागलीं. कृपा मिळाली म्हणजे डोळे लागलेच पुरते उघडतात असें नाहीं. आपल्या शेतांत, घरांत व देण्याघेण्यांत अजून कोणाचें कण्हणें आपल्या कानीं पडत नाहीं, हें आपण प्रत्येकानें शोधून पाहावें.