तिघांना मिळत असेल तरच

रोजा म्हणजे केवळ उपाशी राहणे नव्हे. घरात पाणी असते, अन्न असते, पाहणारा कोणी नसतो. तरीही रोजेदार हात आवरतो. जे आपल्या हक्काचे आहे, तेही काही वेळ बाजूला ठेवण्याची सवय रमजानचा महिना लावतो. ही सवय समाजात वावरताना कशी दिसते, हे मुंबईचे एकेकाळचे महापौर युसूफ मेहेरअली यांच्या आयुष्यात पाहायला मिळते.

मेहेरअलींचा जन्म सप्टेंबर १९०३ मध्ये मुंबईतल्या एका सधन मुस्लिम कुटुंबात झाला. एल्फिन्स्टन कॉलेजातून पदवी घेऊन ते कायदा शिकले. १९२८ मध्ये सायमन कमिशन मुंबईत आले, तेव्हा तरुणांना संघटित करून त्यांनी निदर्शने केली. सायमन गो बॅक ही घोषणा त्यांचीच मानली जाते. या चळवळीपायी सरकारने त्यांना वकिली करू दिली नाही. सुखाची वाट बंद झाली, तुरुंगाची उघडली. १९३४ मध्ये काँग्रेस समाजवादी पक्ष स्थापन करणाऱ्यांत ते होते.

१९४२ मध्ये महापौरपदासाठी त्यांचे नाव पुढे आले, तेव्हा ते लाहोरच्या तुरुंगात होते. सुटून आले आणि मुंबईचे तोवरचे सर्वांत तरुण महापौर झाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गवालिया टँकवर भारत छोडोचा ठराव झाला. क्विट इंडिया हे शब्द मेहेरअलींनीच सुचवले, असे सांगितले जाते. पाठोपाठ पुन्हा अटक झाली.

या तुरुंगवासात त्यांना हृदयविकाराचा झटका आला. सरकारने त्यांना खास उपचारांसाठी मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात हलवण्याची तयारी दाखवली. त्यांनी होकार दिला असता तर कोणी बोट दाखवले नसते. जिवाचा प्रश्न होता, शिवाय ते माजी महापौर होते. पण तुरुंगात आणखी दोन स्वातंत्र्यसैनिक आजारी होते. त्यांनाही तेच उपचार मिळावेत, असा आग्रह मेहेरअलींनी धरला. सरकारने तो मानला नाही, तेव्हा त्यांनीही रुग्णालयात जायचे नाकारले. त्या दोघांचा धर्म कोणता, जात कोणती, हा प्रश्नच नव्हता. आजार सारखाच होता, तर उपचारही सारखेच हवेत, एवढाच हिशेब होता.

त्याची किंमत मोठी होती. १९४३ मध्ये ते सुटले ते ढासळलेली प्रकृती घेऊनच. २ जुलै १९५० रोजी, वयाच्या ४७व्या वर्षी त्यांचे निधन झाले. दुसऱ्या दिवशी त्यांच्यासाठी मुंबईतल्या लोकल, ट्राम आणि बसगाड्या काही मिनिटे जागच्या जागी थांबल्या.

आज गोवंडीत मगरिबच्या अजानकडे कान लावून लोक दस्तरखानावर बसतात, तेव्हा खजुराची बशी आधी शेजाऱ्यापुढे सरकते. हाच माणूस दुसऱ्या दिवशी दवाखान्यात केसपेपरच्या रांगेत, रेशनच्या दुकानात किंवा शाळेच्या प्रवेशासाठी उभा असतो. तिथे ओळख निघते, कोणी आतून बोलावते आणि मागचे सगळे मागेच राहतात. गैर काहीच केले नाही, असे आपण मनाला समजावतो. मेहेरअलींपुढेही अशीच एक ओळखीची, कायदेशीर वाट उघडी होती. मागे राहणाऱ्या दोघांकडे पाहून त्यांनी ती सोडली. शेजाऱ्यापुढे बशी सरकवणाऱ्या हाताला ईदनंतर रांगेतही हे आठवायला हवे.