हापशाचा दांडा

दोन वर्षांपूर्वी ऐन श्रावणात आमच्या वाडीत जुलाब-उलट्यांची साथ आली. माझा धाकटा भाऊ त्या साथीत मरणाच्या दारातून परत आला. त्या दिवसांत आरोग्य केंद्राच्या नर्सबाई वही घेऊन घरोघर फिरत. आजारी माणसांची चौकशी त्यांनी करावी हे ठीकच; पण ज्या घरात सगळे धडधाकट होते तिथेही त्या उंबऱ्याशी बसून, पाणी कुठले भरता म्हणून विचारीत. भाऊ सलाईनवर असताना बाईंनी निरोगी माणसांत वेळ का दवडावा, याचा मला तेव्हा मनस्वी राग आला होता.

पुढे महाविद्यालयाच्या ग्रंथालयात डॉ. जॉन स्नो यांचे चरित्र हाती लागले आणि त्या रागाची लाज वाटली. मी इतिहासाचा विद्यार्थी. वैद्यकातले मला काय कळणार? पण या माणसाचे मोठेपण कळायला डॉक्टर असण्याची गरज नाही.

स्नो यांचा जन्म १५ मार्च १८१३ रोजी इंग्लंडमधील यॉर्क येथे झाला. वडील मजुरी करीत. नऊ भावंडांत जॉन थोरले. चौदाव्या वर्षी ते न्यूकॅसलला एका शल्यचिकित्सकाकडे उमेदवारीस राहिले. १८३१-३२ साली तिकडे कॉलरा आला, तेव्हा या पोरवयाच्या उमेदवाराला कोळशाच्या खाणीतल्या मजुरांची शुश्रूषा करावी लागली. खाणीत हात धुवायची सोय नसे आणि मजूर तशाच हातांनी तिथे खात. ही गोष्ट त्यांनी पुढे आपल्या ग्रंथात आवर्जून मांडली.

१८३६ साली ते लंडनला आले आणि १८४४ मध्ये एम. डी. झाले. भूल देण्याच्या नव्या विद्येत त्यांनी असे नाव कमावले की १८५३ साली व्हिक्टोरिया राणीच्या बाळंतपणात क्लोरोफॉर्म देण्यासाठी त्यांनाच बोलावणे आले. मजुराचा मुलगा राजवाड्यापर्यंत पोचला. त्याने स्वस्थ बसायला हरकत नव्हती.

पण खाणीतला कॉलरा त्यांच्या मनातून गेला नव्हता. आपल्याकडे पटकी आली की लोक मरीआईला नवस बोलत आणि तिचा गाडा शिवेपार नेत. त्या काळचे लंडनचे विद्वान घाणेरड्या हवेला बोल लावीत. स्नो यांना हे पटेना. हा रोग पहिला घाला आतड्यांवर घालतो. मग तो श्वासातून कसा शिरेल? रोग्याच्या मैल्यातले विष पाण्यावाटे पोटात जाते, असे त्यांनी १८४९ साली पुस्तिका लिहून मांडले. फारसे कोणी मनावर घेतले नाही.

३१ ऑगस्ट १८५४ च्या रात्री लंडनच्या सोहो भागात, ब्रॉड स्ट्रीटच्या आसपास कॉलऱ्याने थैमान मांडले. दहा दिवसांत पाचशेंवर माणसे दगावली. स्नो यांनी मृत्यूच्या नोंदी मिळवल्या. पहिल्या तीन दिवसांतले ८३ मृत्यू होते आणि त्यांतले बहुतेक ब्रॉड स्ट्रीटच्या सार्वजनिक हापशाभोवतीचे. हापशाजवळच्या ७३ मृतांपैकी ६१ जण त्याचे पाणी पीत, असे घरच्यांनी सांगितले. दहा मृत्यू दुसऱ्या हापशांजवळच्या घरांत झाले होते. त्यांतली पाच कुटुंबे मुद्दाम याच हापशाचे पाणी आणवीत आणि तीन मुले जवळच्या शाळेत जात.

एखादा एवढ्यावर थांबला असता. स्नो मात्र जे वाचले त्यांच्याकडेही गेले. जवळच्या गरीबखान्यात ५३५ माणसे होती, त्यांतली अवघी पाच गेली. तिथे स्वतःची विहीर होती. दारूच्या भट्टीवरचे सत्तरांहून अधिक कामगार बिअर पीत, हापशाकडे फिरकत नसत; तिथे एकही मेला नाही. उलट कितीतरी दूर हॅम्पस्टेडला राहणारी एक विधवा मात्र मरण पावली. तिला याच हापशाच्या पाण्याची गोडी होती आणि तिच्यासाठी रोज बाटली भरून जात असे.

७ सप्टेंबरला त्यांनी स्थानिक मंडळापुढे हे सारे मांडले आणि दुसऱ्या दिवशी हापशाचा दांडा काढला गेला. दांडा निघाला आणि साथ थांबली, असे आपण ऐकतो. खरे तसे नाही. लोक वस्ती सोडून पळाले होते आणि साथ आधीच ओसरू लागली होती. हे स्नो यांनी स्वतःच लिहून ठेवले. आयते मिळणारे श्रेय त्यांनी नाकारले, हे मला दांडा काढण्याहून मोठे वाटते.

त्यांचा खरा पुरावा निराळाच होता. दक्षिण लंडनमध्ये दोन कंपन्यांचे नळ एकाच रस्त्यावरून, शेजारशेजारच्या घरांत गेले होते. लॅम्बेथ कंपनीने १८५२ साली आपले पाणी नदीच्या वरच्या अंगाहून, शहराच्या मैल्यापासून दूर घ्यायला सुरुवात केली. साऊथवर्क अँड व्हॉक्सहॉल कंपनी मैल्याचेच पाणी पाजीत राहिली. हवा तीच, वस्ती तीच, गरीब-श्रीमंत तेच. वेगळे काय ते पाणी. स्नो यांनी दारोदार जाऊन मृतांच्या घरी कोणाचा नळ होता ते शोधले. १८५४ च्या साथीच्या पहिल्या सात आठवड्यांत दर दहा हजार घरांमागे साऊथवर्ककडे ३१५ मृत्यू, तर लॅम्बेथकडे ३७. किती मेले हे नुसते मोजून भागत नाही. कितींपैकी मेले आणि दुसरीकडे किती मेले, हेही विचारावे लागते. साथरोगशास्त्राची बाराखडी ती हीच.

हेन्री व्हाइटहेड हे तिथले तरुण धर्मोपदेशक. स्नो यांचे म्हणणे खोडून काढावे म्हणून ते चौकशीला लागले आणि चौकशीअंती त्यांच्याच बाजूचे झाले. हापशालगतच्या घरातल्या आजारी तान्ह्या मुलीचे लंगोट धुतलेले पाणी ज्या खड्ड्यात टाकले जाई, तो विहिरीपासून हातभर अंतरावर होता, हे त्यांनीच शोधले.

पण बहुतेक जाणकारांनी मान्यता दिली नाही. १६ जून १८५८ रोजी, वयाच्या अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी, पक्षाघाताने स्नो वारले. रॉबर्ट कॉख यांनी १८८४ साली कलकत्त्यात कॉलऱ्याचा जंतू वेगळा केला, तेव्हा स्नो यांना जाऊन सव्वीस वर्षे लोटली होती. ज्याला सूक्ष्मदर्शकातून पाहता आले नाही, त्याला स्नो यांनी प्रश्न विचारून गाठले होते.

मित्रहो, आमच्या वाडीत खालच्या विहिरीचे पाणी भरणाऱ्या घरांतच आजारी माणसे निघाली. वरच्या विहिरीची घरे निरोगी होती म्हणूनच ते कळले. विहीर बंद झाली, शुद्ध केली गेली आणि आणखी कोणाचा भाऊ आजारी पडला नाही. नर्सबाईंच्या त्या वहीत निरोगी घरांची पाने का होती, हे आता मला ठाऊक आहे. पुढच्या सुट्टीत घरी गेलो की त्यांना भेटून तसे सांगणार आहे.