पॉल साबातिए व त्यांचे धर्मगुरु सहकारी

गोडें तेल घट्ट करून वनस्पति तूप होतें, हें बीड जिल्ह्यांतील आपल्या गृहिणींस ठाऊक आहे. ज्या शोधावर ती कृति उभी आहे, त्यांत एका कॅथलिक धर्मगुरूचा हात होता, हें मात्र थोड्यांसच ठाऊक असेल.

पॉल साबातिए यांचा जन्म ५ नोव्हेंबर १८५४ रोजीं फ्रान्समधील कार्कासॉन येथें झाला. तुलूझ येथें प्राध्यापक असतां, १८९७ सालीं, त्यांनीं फादर सांदेरेंस यांच्यासह एथिलीन व हायड्रोजन हे वायु निकेलाच्या बारीक चूर्णावरून नेले. दोहोंचा संयोग झाला. निकेल होतें तसेंच राहिलें. पुढें १९०२ सालीं जर्मनींतील विल्हेल्म नॉर्मन यांनीं अशाच रीतीनें तेल घट्ट करण्याचें पेटंट घेतलें.

धातूचे कण जितके सूक्ष्म, तितकें कार्य त्वरित. म्हणून आज सच्छिद्र कोळसा पॅलेडियमच्या क्षाराच्या द्रावणांत भिजवून वाळवितात व हायड्रोजनानें त्या क्षाराचा धातु करितात. कोळशाच्या छिद्रांत कण विखुरलेले राहतात, एकमेकांस चिकटत नाहींत. गंधकाचा अंशहि मात्र त्यांस निकामी करितो.

साबातिए श्रद्धाळू कॅथलिक होते. पॅरिसचें बोलावणें येऊनहि त्यांनीं तुलूझ सोडलें नाहीं. १४ ऑगस्ट १९४१ रोजीं ते तेथेंच निवर्तले. १९१२ चें नोबेल पारितोषिक त्यांस व विक्तोर ग्रिन्यार यांस विभागून मिळालें. फादर सांदेरेंस यांचें नांव त्यांत नव्हतें.

प्रिय धर्मबंधुभगिनींनो, ज्युबिलीच्या या वर्षीं, ज्यांचीं नांवें कोणत्याहि शिळेवर कोरलेलीं नाहींत, अशा आपल्या जुन्या धर्मगुरूंचें, सिस्टरांचें व कॅटेकिस्टांचें प्रार्थनेंत स्मरण करूं या.