मेबल नॉर्मंड
मेबल नॉर्मंड (मृत्यू : २३ फेब्रुवारी, इ.स. १९३०; मन्रोव्हिया, कॅलिफोर्निया) या अमेरिकन मूकपटांतील विनोदी अभिनेत्री व दिग्दर्शिका होत्या.

न्यू यॉर्कमधील स्टेटन आयलंड येथे जन्मलेल्या नॉर्मंड तरुणपणी चित्रकारांसाठी मॉडेल म्हणून काम करीत. बायोग्राफ कंपनीच्या मूकपटांत काम करताना त्यांचा मॅक सेनेट यांच्याशी परिचय झाला. इ.स. १९१२ मध्ये सेनेट यांनी कीस्टोन स्टुडिओ स्थापन केला, तेव्हा त्याही कॅलिफोर्नियाला गेल्या. धावपळ, पडझड आणि पाठलाग यांवर उभ्या असलेल्या कीस्टोनच्या लघुपटांनी त्यांना इतकी लोकप्रियता मिळवून दिली की, मेबल हे नाव चित्रपटांच्या शीर्षकातच येऊ लागले.

दिग्दर्शिका म्हणून त्यांचे कार्य मात्र फारसे परिचित नाही. चार्ली चॅप्लिन यांनी 'ट्रॅम्प'चा सुप्रसिद्ध वेष कॅमेऱ्यासमोर सर्वप्रथम धारण केला तो 'मेबल्स स्ट्रेंज प्रेडिकमेंट' (१९१४) या लघुपटासाठी. त्याचे दिग्दर्शन नॉर्मंड यांचे होते. त्याच वेषातील दुसरा लघुपट दोन दिवस आधी प्रदर्शित झाल्याने पहिलेपणाचा मान सहसा त्याला दिला जातो. पुढे 'मेबल ॲट द व्हील'च्या चित्रीकरणात चॅप्लिन यांनी नॉर्मंड यांच्या सूचना मानण्यास नकार दिला. सेनेट यांच्या मध्यस्थीने हा वाद मिटला आणि त्याच वर्षी दोघांनी 'टिलीज पंक्चर्ड रोमान्स' या पूर्ण लांबीच्या विनोदपटात एकत्र भूमिका केल्या. रॉस्को आर्बकल यांच्याबरोबरची त्यांची जोडीही गाजली. इ.स. १९१६ मध्ये त्यांच्या नावाने स्वतंत्र चित्रपटसंस्था निघाली. तिचा 'मिकी' (१९१८) अत्यंत यशस्वी ठरला.

१ फेब्रुवारी, इ.स. १९२२ रोजी संध्याकाळी नॉर्मंड दिग्दर्शक विल्यम डेस्मंड टेलर यांना भेटून परतल्या. त्यानंतर टेलर यांची गोळी झाडून हत्या झाली. नॉर्मंड यांच्यावर आरोप ठेवला गेला नाही आणि खुनी कधीच सापडला नाही. वृत्तपत्रांनी मात्र त्यांचे खासगी आयुष्य चव्हाट्यावर आणले. आर्बकल यांच्यावरील खटल्यामुळे हॉलिवूडविरुद्ध आधीच जनक्षोभ होता. 'द एक्स्ट्रा गर्ल' (१९२३) हा चित्रपट चालत असतानाच, इ.स. १९२४ च्या पहिल्याच दिवशी त्यांच्या मोटारचालकाने त्यांच्याच पिस्तुलातून एका परिचितावर गोळी झाडली. तो बचावला, पण काही ठिकाणी नॉर्मंड यांच्या चित्रपटांवर बंदी आली.

इ.स. १९२६ मध्ये हॅल रोच यांच्या लघुपटांतून त्या पडद्यावर परतल्या. त्याच वर्षी त्यांनी अभिनेते ल्यू कोडी यांच्याशी विवाह केला. क्षयरोग बळावल्याने त्यांचे काम थांबले व चाळिशी गाठण्यापूर्वीच त्यांचे निधन झाले. लॉस एंजेलसमधील कॅल्व्हरी दफनभूमीत त्यांचे दफन करण्यात आले.