महामारीची लस काढणारे हाफकीनसाहेब

मुंबईस परळ येथें हाफकीन संस्था आहे, हें आमच्या पुष्कळ वाचकांस ठाऊक असेल. परंतु ज्यांचें नांव तीस दिलें आहे त्या गृहस्थांचा वृत्तांत खेड्यांतील बंधुभगिनींच्या कानीं क्वचितच पडतो. म्हणून तो येथें देतों.

वाल्डेमार हाफकीन यांचा जन्म सन १८६० सालीं ओडेसा शहरीं एका यहूदी कुळांत झाला. तेथील विद्यापीठांत त्यांनीं मेच्निकॉव्ह ह्या थोर गुरूपाशीं अध्ययन केलें. रक्तांतील पांढऱ्या पेशी रोगजंतूंस गिळून टाकितात, हें ह्याच गुरूनें जगास दाखविलें. यहूदी म्हणून शिष्यास अध्यापकाची जागा मिळेना. धर्म बदलता तर ती मिळती. पण भाकरीसाठीं धर्म बदलणें त्यांस रुचलें नाहीं, आणि हें आम्हांस तरी भूषणावह वाटतें. पुढें पॅरिसच्या पाश्चर संस्थेंत ग्रंथपालाचे मदतनीस होऊन उरल्या वेळांत ते जंतूंचा अभ्यास करीत. सन १८९२ मध्यें पटकीची लस त्यांनीं प्रथम स्वतःसच टोचून घेतली, व पुढल्या वर्षीं ते हिंदुस्थानांत आले.

सन १८९६ त मुंबईंत प्लेग शिरला. ग्रँट मेडिकल कॉलेजांतील लहानशा जागेंत हाफकीनसाहेब रात्रंदिवस खपूं लागले. मांसरसावर तुपाचे थेंब तरंगत ठेवावे, त्यांखालीं जंतु वाढवावे, मग उष्णता देऊन ते मारावे, अशी त्यांची रीत. मेलेले जंतु टोचले म्हणजे शरीर जिवंत शत्रूशीं झुंजावयास शिकतें. ता. १० जानेवारी १८९७ रोजीं ही लसहि त्यांनीं आधीं आपल्याच अंगांत घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगांतील जे कैदी राजी झाले त्यांस टोचली. पुढें लक्षावधि लोकांनीं ती घेतली.

ऑक्टोबर १९०२ मध्यें पंजाबांतील मुल्कोवाल गांवीं लस घेतलेलीं १९ माणसें धनुर्वातानें दगावलीं. दोष प्रयोगशाळेवर आला व साहेबांचें काम काढून घेण्यांत आलें. वास्तविक तीं सर्व माणसें एकाच कुपीचीं होतीं. त्याच दिवशीं इतर कुप्यांतून टोचलेल्यांस कांहींच झालें नाहीं. ती कुपी उघडतांना मदतनिसाच्या हातून चिमटा मातींत पडला होता, आणि धनुर्वाताचे जंतु मातींतच राहतात. एवढी साधी गोष्ट मान्य होण्यास पांच वर्षें लागलीं! सन १९०७ त रोनाल्ड रॉस व इतर शास्त्रज्ञांनीं लंडनच्या वर्तमानपत्रांतून त्यांची बाजू मांडली, तेव्हां ते निर्दोष ठरले. ते कलकत्त्यास कामावर परत आले खरे, पण पूर्वींचा अधिकार त्यांस लाभला नाहीं. सन १९२५ त परळच्या प्रयोगशाळेस त्यांचें नांव देण्यांत आलें, तेव्हां ते युरोपांत राहत होते. तेथेंच लोझान शहरीं सन १९३० सालीं त्यांचा अंत झाला.