साडेअकरा पौंड आणि तीन वर्षांची मुदत

शेतकरी बंधूंनो, जून महिना लागला की आपल्याकडे दोन ठिकाणी गर्दी होते. एक कृषी सेवा केंद्रात आणि दुसरी दाखल्यांसाठी सेतूत. बियाणे वेळेवर मिळाले नाही तर हंगाम जातो हे तुम्हाला सांगायला नको. दाखला वेळेवर मिळाला नाही तर पोराचे वर्ष जाते, हे मात्र आपण निकालाचा पेढा खाताना विसरतो. म्हणून आज डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची एक बाजू सांगतो. त्यांची घटना तुम्हाला ठाऊक आहे, चवदार तळे ठाऊक आहे. त्यांनी शिक्षणाला पैसा कसा उभा केला, कोणत्या कागदावर सही केली आणि तो कागद पुढे कुठे नडला, हे फारसे कोणी सांगत नाही.

बाबासाहेबांचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातले आंबडवे, मंडणगड तालुक्यातले. जन्म १४ एप्रिल १८९१ चा, महूच्या छावणीत. वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार. निवृत्तीनंतर घर पेन्शनीवर चालले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत भिवाचे नाव दाखल झाले. पुढे कुटुंब मुंबईत परळच्या चाळीत आले. एकच खोली, त्यातच चूल, त्यातच अभ्यास. मुलाने पुस्तक मागितले आणि हातात पैसे नसले की रामजी लेकींकडे जात, त्यांचा दागिना गहाण टाकून पुस्तक आणत आणि पेन्शन आली की सोडवत. आपल्या गावांत आजही हे चालते, फक्त दागिना सोसायटीत किंवा फायनान्सकडे जातो.

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. मार्क किती, तर ७५० पैकी २८२. आज एवढ्या मार्कांवर आपण पोराला म्हणू, बाबा, आता शेती बघ. तेव्हा मात्र महार समाजातला मुलगा मॅट्रिक होणे ही एवढी मोठी गोष्ट होती की सत्काराची सभा भरली. सभेला कृष्णाजी अर्जुन केळुसकर होते. हे शिक्षक आणि लेखक. चर्नी रोडच्या बागेत रोज वाचत बसणारा मुलगा त्यांनी आधीच हेरलेला होता. त्यांनी आपले बुद्धचरित्र त्याला भेट दिले.

केळुसकर गुरुजींचे खरे काम याच्या पुढचे आहे. एल्फिन्स्टन कॉलेजात इंटर झाल्यावर रामजींचे पैसे संपले. सयाजीराव गायकवाड महाराजांनी होतकरू अस्पृश्य विद्यार्थ्यांना मदत करू असे जाहीर केले आहे, हे गुरुजींच्या कानावर होते. ते मुलाला घेऊन महाराजांकडे गेले. महाराजांनी चार प्रश्न विचारले, उत्तरे पटली, आणि महिना पंचवीस रुपये सुरू झाले. आता बघा, मदत जाहीर होती, मुलगा लायक होता. तरी मधे नेणारा माणूस नसता तर ती मदत आणि हा मुलगा एकमेकांना भेटलेच नसते. गावात असा एखादा मास्तर, ग्रामसेवक किंवा कृषी सहायक असतोच. त्याला आपण किती किंमत देतो ते ज्याचे त्याने ठरवावे.

१९१२ साली बी.ए. झाले. जानेवारी १९१३ मध्ये बडोद्याच्या नोकरीत गेले आणि लगेच वडील आजारी पडल्याचे कळले. २ फेब्रुवारीला रामजी गेले. कर्ता माणूस गेला, घरात खाणारी तोंडे बरीच. अशा वेळी बहुतेक घरांत शिक्षण थांबते. त्याच सुमाराला महाराज काही विद्यार्थी अमेरिकेला पाठवणार होते. भीमरावांनी अर्ज केला आणि निवड झाली.

४ जून १९१३ ला बडोद्यात करारावर सही झाली. अटी साध्या पण पक्क्या होत्या. ठरवून दिलेले विषयच शिकायचे आणि शिक्षण झाल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानची नोकरी करायची. मिळणार काय, तर दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षे. शिष्यवृत्ती म्हणजे नुसते बक्षीस नव्हे. तिला मुदत असते, अट असते आणि कधी कधी परतफेडही असते. बँकेच्या पीककर्जाचा कागद आपण जसा न वाचता अंगठा-सही करून मोकळे होतो, तसा हा कागद हाताळू नये.

जुलै १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कला पोचले आणि कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. साडेअकरा पौंडांत राहणे, खाणे, फी आणि वर मुंबईला रमाबाईंकडे घरखर्च. पोटाला चिमटा काढूनही पुस्तके घेणे सुटले नाही. जुन्या बाजारातून सुमारे दोन हजार पुस्तके जमवली. १९१५ ला एम.ए., १९१६ ला पीएच.डी.चा प्रबंध मान्य झाला. पण छापील प्रती सादर केल्याशिवाय पदवी देत नसत, आणि छपाईला पैसा लागतो. पदवी अधिकृतपणे हातात पडली ती १९२७ साली! अभ्यास पुरा, कागद अपुरा, अकरा वर्षे.

१९१६ च्या ऑक्टोबरात लंडनला अर्थशास्त्राच्या शाळेत आणि ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीसाठी नाव घातले. तिथेच मुदत संपली. बडोद्याहून परत या असा निरोप आला. प्रबंध अर्धा, बॅरिस्टरी अर्धी. पण हा माणूस हात हलवत निघाला नाही. निघण्यापूर्वी त्यांनी लंडन विद्यापीठाकडून ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी घेतली. त्यासाठी प्राध्यापक कॅनन यांची शिफारस मिळवली. खंड पडणार हे दिसताच त्यांनी आधी परवानगीचा कागद हातात घेतला. आपली मुले मात्र वर्ष सुटले की कॉलेजला न सांगता घरी बसतात आणि मग नाव कमी झाले म्हणून रडतात.

परतीला पुस्तकांच्या पेट्या वेगळ्या बोटीने पाठवल्या होत्या. महायुद्ध चालू होते, ती बोट पाणतीराने बुडाली. नुकसानभरपाई मिळाली तीच बडोद्याला जाण्याच्या खर्चाला कामी आली. करार पाळायला म्हणून हा माणूस बडोद्याला गेला. तिथे कचेरीत शिपाई लांबून फायली टाकत आणि प्यायला पाणी मिळेना. कोणी भाड्याने खोलीही देईना. पारशी उतारगृहात नाव लपवून राहावे लागले, तेही अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेल्या जमावाने बाहेर काढले. दहा वर्षांची नोकरी काही दिवसांतच संपली. कराराची अट त्यांनी मोडली असे कोणी म्हणत असेल, तर अट पाळायला जागाच कोणी दिली नाही, हेही त्याने म्हणावे.

पुढचा खेप त्यांनी दुसऱ्यांच्या भरवशावर टाकला नाही. नोव्हेंबर १९१८ पासून मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली, पगारातून रक्कम बाजूला टाकली. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत दिली. मित्र नवल भथेना यांनी पाच हजार रुपये कर्जाऊ दिले. बचत, मदत आणि उसनवार मिळून १९२० साली पुन्हा लंडन गाठले. चार वर्षांची परवानगी जवळ होतीच. १९२१ ला एम.एस्सी., १९२३ ला डी.एस्सी., शिवाय बॅरिस्टरी.

मंडळी, आता मुख्य गोष्ट. हे सगळे एका राजाच्या मनात आले म्हणून झाले. राजाच्या मनात नसते तर? हा प्रश्न बाबासाहेबांनी मनात ठेवला असावा असे मला वाटते. कारण जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात त्यांनी सरकारला लांबलचक निवेदन दिले. त्यात अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी सरकारी तिजोरीतून पैसा मागितला. अलीगढ आणि बनारसच्या विद्यापीठांना सरकार अनुदान देते, मग यांना का नाही, असा त्यांचा हिशेब होता. वर्षाला तीन लाखांची रक्कम मंजूर झाली. विद्यार्थी परदेशीही गेले. आणि १९४४ साली अनुसूचित जातींची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. आता ती कोणा दात्याच्या मर्जीची बाब राहिली नाही, अंदाजपत्रकातली रक्कम झाली. १९४५ ला त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, १९४६ ला मुंबईत सिद्धार्थ कॉलेज आणि १९५० ला औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, मराठवाड्यातल्या गरीब पोरांसाठी कॉलेज. ६ डिसेंबर १९५६ ला ते गेले.

ती १९४४ ची योजना आजही चालू आहे. तुमच्या गावातली पोरगी महाडीबीटीच्या संकेतस्थळावर मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज भरते तो तिचाच. पुढे इतर मागासवर्ग, भटके-विमुक्त यांच्यासाठीही योजना आल्या. खुल्या गटातल्या आर्थिक दुर्बलांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शुल्क शिष्यवृत्ती आहे. अल्पभूधारकाच्या आणि नोंदणीकृत मजुराच्या मुलांना डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाचा वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. तेव्हा हे आपल्यासाठी नाही असे समजून कोणी पान उलटू नये.

तलाठी भाऊसाहेब आणि ग्रामसेवक हे पान वाचतात म्हणून त्यांनाही विनंती. उत्पन्नाच्या दाखल्याला तुमचा अहवाल लागतो. तो चार दिवस टेबलावर राहिला तर तुमचे काही अडत नाही, पण अर्जाची तारीख निघून जाते. आणि पालकांनो, बँकेचे खाते मुलाच्या नावावर असावे, आधारशी जोडलेले असावे. जातीच्या दाखल्यावरचे नाव आणि मार्कमेमोवरचे नाव एकच आहे का, हे आजच रात्री दिव्याखाली बसून बघा. पहिल्या वर्षी भरलेला अर्ज पुढच्या वर्षी आपोआप चालत नाही, दरवर्षी नूतनीकरण करावे लागते. कॉलेजच्या कारकुनाकडे अर्ज पुढे गेला की नाही, हे विचारायला पोराला एकटे न पाठवता एकदा स्वतः जाऊन या.