दादासाहेब गायकवाड आणि भूमिहीनांचा प्रश्न

राज्य शासनाच्या एका योजनेला नाशिक जिल्ह्याच्या एका सुपुत्राचे नाव आहे. दारिद्र्यरेषेखालील भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबांना चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन देणारी कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबळीकरण व स्वाभिमान योजना २००४ साली सुरू झाली. कचेऱ्यांतून हे नाव नित्य उच्चारले जाते. ज्या जीवनातून ते आले, त्याचे स्मरण मात्र क्वचितच होते.

भाऊराव कृष्णराव गायकवाड यांचा जन्म १५ ऑक्टोबर १९०२ रोजी दिंडोरी तालुक्यातील आंबे या गावी झाला. डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली २ मार्च १९३० रोजी नाशकात काळाराम मंदिर सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा सत्याग्रह समितीचे चिटणीस या नात्याने त्याचा मोठा भार दादासाहेबांवर पडला. १९३५ पर्यंत चाललेल्या या लढ्याने मंदिराचे दार उघडले नाही; पण एक कटू सत्य उघड केले. हक्क मागणाऱ्यावर गाव बहिष्कार घालू शकत होते आणि ज्याची चूल दुसऱ्याच्या शेतातील मजुरीवर पेटते, त्याला तो बहिष्कार फार दिवस सोसवत नव्हता. महार वतनाची जमीन होती, तीही अहोरात्र गावकामाच्या मोबदल्यात. जमीन हातात आणि बेडी पायात, असा तो व्यवहार होता.

१९३७ मध्ये दादासाहेब मुंबई विधानसभेवर आणि १९५७ मध्ये नाशिकमधून लोकसभेवर निवडून आले. पुढे १९६२ ते १९६८ ते राज्यसभेत होते. परंतु त्यांचे खरे कार्य सभागृहाबाहेरचे. रिपब्लिकन पक्षाची स्थापना १९५७ मध्ये झाली आणि १९५९ मध्ये त्यात फूटही पडली. भूमिहीनांच्या लढ्यासाठी डाव्यांशी हातमिळवणी करावी काय, हा त्या वादातील एक मुद्दा होता. दादासाहेबांनी टीका सोसली. पण शेतमजुराची बाजू सोडली नाही. त्याच वर्षी खानदेशासह राज्याच्या अनेक भागांत भूमिहीनांचा सत्याग्रह झाला.

त्याचे देशव्यापी रूप ६ डिसेंबर १९६४ रोजी प्रकटले. पडीक जमीन भूमिहीनांना द्यावी, धान्याचे पुरेसे वाटप करून भाव आवरावेत, झोपडपट्टीवासीयांची स्थिती सुधारावी, किमान वेतन कायदा अमलात आणावा, या त्यातील काही मागण्या. लाखो स्त्रीपुरुषांनी तुरुंगवास पत्करला. अन्न, निवारा आणि जमीन हे तीन वेगळे प्रश्न नसून एकच आहेत, ही अर्थशास्त्रीय जाण त्या मागणीपत्रात दिसते.

२९ डिसेंबर १९७१ रोजी दादासाहेबांचे निधन झाले. त्यानंतर शासकीय साहाय्याचा विस्तार झाला, हे मान्य केले पाहिजे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने पात्र व्यक्तीला दरमहा पाच किलो धान्याचा हक्क दिला. २०१६ पासूनच्या पंतप्रधान आवास योजनेत सपाट प्रदेशातील ग्रामीण घरासाठी १ लाख २० हजार रुपये ठरले. परंतु भिंतींसाठी पैसे मिणारा भूमिहीन घर बांधणार कोठे? म्हणूनच राज्याला २०१५ मध्ये घरकुलाच्या जागेसाठी निराळी योजना काढावी लागली. साहाय्य वाढत गेले. जमिनीचा प्रश्न मात्र फिरून पुढे येतच राहिला.

सबळीकरण योजनेचीही गत तीच. २०१८ मध्ये निम्मे कर्ज, निम्मे अनुदान ही पद्धत जाऊन पूर्ण अनुदान आले, हे स्वागतार्हच होते. त्या वेळी खरेदीसाठी एकरी जिरायतीला पाच लाख व बागायतीला आठ लाख रुपये ही मर्यादा ठरली. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षपट्ट्यात या भावाने कसदार जमीन कोण विकणार? विकायला निघते ती बहुधा मुरमाड आणि पाण्यापासून दूर असलेली. अशी जमीन देऊन बांधबंदिस्ती, विहीर आणि पहिल्या हंगामाचे भांडवल दिले नाही, तर सातबारावर नाव चढते. मजुरी सुटत नाही.

पगारदार वर्गाला अशा योजना म्हणजे तिजोरीवरचा भार वाटतात. दादासाहेबांचे चरित्र याचे उत्तर देते. धान्य माणसाला जगवते, घर त्याला आसरा देते. पण गावात मान वर करून नाही म्हणण्याचे बळ पायाखालच्या स्वतःच्या जमिनीतून येते. योजनेला त्यांचे नाव दिले आहे, तर जमिनीचा भाव वास्तवाला धरून ठरवणे आणि ती पिकती करून देणे, एवढे तरी शासनाचे कर्तव्य ठरते.